मीटर थांबले तरी गाडीचे वय थांबत नाही
जुन्या, कमी चाललेल्या मोठ्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत व दुरुस्तीत काय पाहावे?

रायगड, रत्नागिरी जिल्ह्यांतील आपल्या वस्त्यांमधून फिरताना एक दृश्य हमखास दिसते. बंगल्याच्या बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली मोठी गाडी आणि तिचा मालक कुवेत, दुबई किंवा दोहा येथे नोकरीला. तो वर्षातून महिना-दीड महिना येतो, तेवढीच गाडी चालते. उरलेले दहा-साडेदहा महिने वडील किंवा धाकटा भाऊ कधी बाजाराला, कधी दवाखान्याला, कधी स्टेशनवर नेतो, एवढेच. अशा बऱ्याच गाड्या आता विक्रीला निघत आहेत आणि आपल्या समाजातील जुन्या गाड्यांचे व्यापारी त्या हौसेने घेत आहेत. कारण एकच, "मॉडेल जुने, पण मीटर फक्त चाळीस हजार!"

हा चाळीस हजारांचा आकडा पाहून व्यापारी भाव चढवतो, गिऱ्हाईक खुशीने तो देतो आणि चार-सहा महिन्यांनी बिचारा मिस्त्री शिव्या खातो. गाडीचा कोणता भाग चालण्याने झिजतो आणि कोणता नुसत्या वयाने खराब होतो, याचा विचार या तिघांपैकी कोणीच केलेला नसतो.

उदाहरणासाठी टोयोटाची फॉर्च्युनर घेऊ. ही गाडी भारतात २००९ साली आली. त्या पहिल्या पिढीचे २९८२ सीसीचे डिझेल इंजिन भक्कम म्हणून प्रसिद्ध आहे आणि जुन्या बाजारात तिला मागणीही मोठी. समजा, २०११ सालची गाडी आहे आणि चौदा वर्षांत ४०,००० किलोमीटर चालली आहे. हिशेब केला तर वर्षाला २,८५७ किलोमीटर, म्हणजे दिवसाला आठ किलोमीटरसुद्धा नाही. लोक याला "गाडी जपून वापरली" असे म्हणतात. मिस्त्रीच्या दृष्टीने मात्र ही गाडी बहुतेक वेळ उभी राहिली, आणि चालली तेव्हाही इंजिन पुरते तापण्याआधीच बंद झाले. थंड इंजिनात पाण्याचा अंश व न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि लांब पल्ल्यावर गाडी तापली तरच तो अंश उडून जातो. म्हणून "हजार किलोमीटर तर चालली, ऑइल कशाला बदलायचे?" हा प्रश्नच चुकीचा आहे. अशा गाडीचे ऑइल किलोमीटर न मोजता वर्षातून एकदा बदललेच पाहिजे.

आता मुख्य मुद्दा टायमिंग बेल्टचा. या इंजिनात साखळी नाही, रबरी बेल्ट आहे. ठरावीक किलोमीटर झाले की डॅशबोर्डवर बेल्टचा दिवा लागतो आणि मालक समजतो की दिवा लागला नाही म्हणजे बेल्ट ठीक आहे. पण तो दिवा किलोमीटर मोजतो, वर्षे मोजत नाही! चौदा वर्षे इंजिनाच्या उष्णतेत आणि कोकणच्या दमट हवेत राहिलेले रबर कडक होते, त्याला चिरा जातात. हा बेल्ट चालू गाडीत तुटला तर वाल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि बेल्ट, टेन्शनर व मजुरीच्या खर्चाऐवजी सबंध हेडचा, कधी इंजिनाचा खर्च अंगावर येतो. म्हणून मीटर कितीही दाखवो, बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे समजूनच व्यापाऱ्याने भाव धरावा. त्याच वेळी पाण्याचा पंप, फॅन बेल्ट व रेडिएटरचे होस पाइप तपासून घ्यावेत. एकदा उघडलेले काम दुसऱ्यांदा उघडण्यात मजुरी दुप्पट जाते.

रबराचीच गोष्ट पुढे चालवू. खालच्या आर्मचे बुश, बॉल जॉइंटची टोपणे, अॅक्सलचे बूट, इंजिनचे माउंटिंग, शॉकअपचे सील, दरवाजांचे रबर हे सारे उभ्या गाडीतही वाळते आणि फाटते. शॉकअपचा दांडा एकाच जागी राहिला की त्यावर गंज धरतो आणि गाडी पळू लागली की तोच गंज सील कापतो. त्यामुळे विकत घेताना कोरडी दिसलेली गाडी हजार-दोन हजार किलोमीटर चालल्यावर जागोजागी ऑइल गाळू लागते. गिऱ्हाईक म्हणतो की मिस्त्रीने बिघडवली, पण बिघाड आधीच बसलेला असतो, चालवल्यामुळे तो बाहेर येतो एवढेच. एसीचेही तसेच. महिनोन्‌महिने लावला नाही की कॉम्प्रेसरचे सील सुकते आणि गॅस निघून जातो.

टायरच्या बाबतीत तर माणसे जिवाशी खेळतात. नक्षी खोल दिसते म्हणून टायर नवा समजला जातो. प्रत्येक टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. २३११ असे असेल तर तो टायर २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासावा आणि दहा वर्षांनंतर तो चांगला दिसला तरी काढावा, असे टायर बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. दोन टनांच्या आसपास वजनाची गाडी उन्हाळ्यात महामार्गावर शंभरच्या वेगाने जाताना जुना टायर फुटला तर काय होते, हे मुंबई-गोवा मार्गावर राहणाऱ्यांना सांगायला नको. आणखी एक गोष्ट. काही विक्रेते गाडीखाली टांगलेली, कधीही न वापरलेली स्टेपनी काढून पुढच्या चाकाला लावतात आणि "टायर नवा टाकला" असे सांगतात. तारीख पाहा, वाद मिटेल.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्याचे आयुष्य दोन वर्षांचे, मग गाडी चालो वा न चालो. ओलावा शिरलेले ऑइल घाटात तापले की त्यात वाफ होते आणि पायाखालचे पेडल पोकळ जाते. शिवाय आतून कॅलिपरला व मागच्या ड्रममधील सिलिंडरला गंज लागतो. आंबा किंवा ताम्हिणी घाटात उतरण्यापूर्वी या खर्चाची काटकसर करू नये.

डिझेलची टाकी ८० लिटरची. ती अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकीच्या आतल्या बाजूला दव धरते आणि पाणी तळाशी बसते. नव्या पद्धतीच्या कॉमन रेल पंपाला आणि इंजेक्टरला हे पाणी विषासारखे. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढणे हे पाच मिनिटांचे काम, पण मालकाला ते माहीत नसते आणि शिकाऊ पोरगा करत नाही.

आता गंजाकडे वळू, कारण आपल्या किनारपट्टीत गाडीचे खरे मरण तेथेच आहे. अशा गाडीचा सांगाडा म्हणजे पोकळ लोखंडी चेसिस. तिच्या छिद्रांतून चिखल आत जातो, छिद्रे बुजतात आणि खारी ओल आतच राहते. वरून रंग चकाचक असतो. हा दोष एखाद्याच गाडीचा किंवा आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा व सिक्वोया या गाड्यांच्या चेसिस गंजण्याबद्दलच्या दाव्यात टोयोटा कंपनीला २०१६ साली मोठी तडजोड मान्य करावी लागली. तेथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ त्रास देते, येथे समुद्राचे वारे तेच काम करतात. म्हणून गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा करू नये. लहान हातोडीने चेसिसवर ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर सावध व्हावे. ब्रेकच्या लोखंडी नळ्या क्लिपच्या मागे पाहाव्यात, गंज तेथेच लपतो. आणि खालून ताजा काळा डांबरी थर दिला असेल तर खुश होण्याऐवजी शंका घ्यावी. गंजावर मारलेला थर गंज थांबवत नाही, ओल आत कोंडतो आणि गिऱ्हाइकाच्या नजरेआड करतो.

वयाने बिघडणाऱ्या वस्तूंत एक अशीही आहे जी मिस्त्रीला दिसत नाही. ती म्हणजे एअरबॅग. टकाटा नावाच्या जपानी कंपनीने बनवलेल्या कोट्यवधी एअरबॅगमधील स्फोटक रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमटपणाने बिघडते आणि अपघातात फुगा उघडताना धातूचे डबे फुटून त्याचे तुकडे चालकाला लागतात. जगभर यात माणसे दगावली आणि २०१७ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही होंडा व टोयोटा यांनी आपल्या काही मॉडेलच्या गाड्या यासाठी परत बोलावल्या. उष्ण आणि दमट किनारा ही या रसायनाला सर्वांत वाईट हवा. जुनी गाडी घेताना तिचा चेसिस नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करावी. परत बोलावलेल्या गाडीचा हा भाग फुकट बदलून मिळतो. चेसिस नंबरवरून सर्व्हिसच्या जुन्या नोंदीही कळतात आणि मीटर फिरवले आहे की नाही, याचाही उलगडा होतो.

येथे आपल्या व्यापारी बंधूंना एक आठवण द्यावीशी वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा त्यांचा प्रश्न होता. कमी किलोमीटर हे राशीवरचे कोरडे धान्य आहे. ते दाखवायला हरकत नाही, पण बेल्ट बदललेला नाही आणि टायर दहा वर्षांचे आहेत, हेही त्याच तोंडाने सांगावे लागेल. लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क आपल्या फिकहने खरेदीदाराला दिला आहे. "जशी आहे तशी घ्या" एवढे म्हणून माहीत असलेला दोष झाकता येत नाही. शिवाय धंद्याच्या दृष्टीनेही पाहा. दोषांची यादी लिहून देणाऱ्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतो आणि चुलतभावालाही घेऊन येतो.

मिस्त्री बंधूंसाठी सांगणे वेगळे आहे. अशी गाडी गॅरेजमध्ये आली की पाना हातात घेण्याआधी तिची स्थिती कागदावर लिहा, मोबाईलवर फोटो काढा आणि मालकाची सही घ्या. गंजलेला बोल्ट सोडताना तुटणार आहे, हे आधी सांगितले तर ते काम ठरते, नंतर सांगितले तर बहाणा ठरतो. सगळी कामे एकाच वेळी काढून मालकाला घाबरवू नका. टायर, ब्रेक, ब्रेकच्या नळ्या आणि एअरबॅगची चौकशी ही जिवाची कामे पहिली. मग इंजिन वाचवणारी कामे, म्हणजे बेल्ट, कूलंट, ऑइल, डिझेल फिल्टर. बुश, शॉकअप व एसी महिना-दोन महिने थांबू शकतात. आणि बुश फाटला नसेल तर तो बदलू नका. वयाचे नाव सांगून सबंध गाडी उघडणारेही काही कमी नाहीत, आणि ती कमाई कोणत्या खात्यात जाते हे ज्याचे त्याने ठरवावे.

कागदपत्रांचा खर्चही भावात धरायचा असतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०११ च्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते. त्यानंतर आरटीओची तपासणी, पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. हलक्या खासगी चारचाकीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली. वर सांगितलेली गंजाची व ब्रेकची कामे झाली नसतील तर गाडी तपासणीत अडकते. तेव्हा १४ वर्षांची गाडी घेताना हा सारा खर्च कोणी सोसायचा, हे बयाणा देण्याआधीच बोलून घ्यावे.

परदेशात राहणाऱ्या आणि गाडी विकायची नसलेल्या मंडळींनी घरच्यांना इतके सांगून ठेवावे : आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा. नुसती शेडमध्ये सुरू करून पाच मिनिटांनी बंद करणे हे न करण्यापेक्षा वाईट. त्या फेरीत एसी लावा, ४ बाय ४ असेल तर त्याचा लीव्हरही मोकळ्या कच्च्या जागेवर एकदा हलवून घ्या, नाहीतर तो अडकतो. पावसाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवा. हँडब्रेक ओढून महिनाभर उभी करू नका, चाकाला लाकडी ठोकळा लावा. पाऊस संपला की खालून गोड्या पाण्याने धुऊन चेसिसची छिद्रे मोकळी करा. आणि बॉनेट पंधरा दिवसांनी उघडून पाहा. उभ्या गाडीत उंदीर घर करतात आणि वायरिंगचे एक जाळे कुरतडले तर ते शोधण्यातच मिस्त्रीचे दोन दिवस जातात.