कंडक्टरचे जिने आणि कामगाराचे काळीज

हृदयविकार हा बसून खाणाऱ्या श्रीमंतांचा रोग आहे, अशी एक समजूत आमच्या कामगार वस्त्यांत अजूनही ठाण मांडून बसली आहे. शेठजींना होतो तो हृदयविकार, आणि आम्हांला होतो तो गॅस! छातीत कळ आली की ओवा चावावा, सोड्याची बाटली फोडावी, आणि पाळी चुकू न देता कामावर हजर व्हावे, असा आमच्या लोकांचा रिवाज. संघटनेच्या कामाच्या निमित्ताने आम्ही पुष्कळ घरी सांत्वनाला गेलो आहोत. चाळिशी-पंचेचाळिशीतला कर्ता माणूस जातो, मुले अर्ध्या शिक्षणात असतात, आणि घरातली बाई एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलते, “दोन दिवस छातीत भरून येतंय म्हणत होते हो.” आम्ही वैद्य नव्हे. पण फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे अर्ज ज्यांना भरावे लागतात, त्यांना या रोगाची विचारपूस केल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून जे वाचले, डॉक्टरमंडळींना विचारून जे समजून घेतले, ते इथे मांडतो.

हृदय हे मुठीएवढे स्नायूचे इंद्रिय. ते दिवसाला सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या स्थितीतही मिनिटाला जवळजवळ ५ लिटर रक्त शरीरभर खेळवते. पण गंमत अशी की, ज्या रक्ताने ते अष्टौप्रहर भरलेले असते, त्यावर त्याचे स्वतःचे पोट भरत नाही. त्याच्या पोषणासाठी वेगळ्या बारीक रोहिण्या आहेत. या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एके दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते. यालाच आपण ‘अ‍ॅटॅक’ म्हणतो. झटका अचानक येतो, पण त्याची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते. ती कशी चालते, याचा पहिला पक्का धागा ज्यांच्यामुळे हाती लागला, त्यांत मोठा वाटा कामगारांचा होता. आमच्या मंडळींना ही हकीकत फारशी माहीत नाही, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती आणि कारण कोणाला नीट सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी ठरवले की, रोग्याच्या खाटेपाशी न थांबता माणसाच्या धंद्याकडे पाहावे. त्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. लंडनच्या बसगाड्या दुमजली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच वर्गातले, साधारण सारख्याच वस्तीत राहणारे, एकाच गाडीवर राबणारे. फरक एवढाच की, ड्रायव्हर पाळीचा बहुतेक सारा वेळ बसलेला, आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. निष्कर्ष १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. झालाच तर उशिरा होत होता, आणि तो ड्रायव्हरांइतका प्राणघातक ठरत नव्हता.

यावर शंका निघाली, आणि ती रास्तच होती. कदाचित मुळात स्थूल असणारी माणसेच ड्रायव्हरकी पत्करीत असतील! मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी मग कुठे पाहावे? गणवेशाच्या नोंदवह्यांत! कंपनी कामगारांना पाटलोणी शिवून देत असे, त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचे माप दप्तरी होते. १९५६ साली त्यांनी दाखवून दिले की, ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी होती, आणि तीही नोकरीच्या आरंभापासून. म्हणजे शंकेत तथ्य होते. परंतु पुढच्या तपासात असेही दिसले की, कंबर बारीक असो वा जाड, कंडक्टरचे पारडे तरीही जड राहते. टपालखात्यातही तोच प्रकार. पायी आणि सायकलीवर पत्रे वाटणारा पोस्टमन हा टेबलाशी बसणाऱ्या आपल्या सोबत्यापेक्षा सुरक्षित. शिंप्याच्या मापांतून शास्त्र काढणाऱ्या या माणसाबद्दल आम्हांला फार आदर वाटतो. पुढे ते स्वतः ९९ वर्षे जगले आणि २००९ साली वारले.

मुंबईतही १९३७ पासून दुमजली बस धावू लागली आणि आमचे कंडक्टरही तसेच जिने चढत राहिले. त्या जुन्या गाड्या २०२३ साली निवृत्त झाल्या. ड्रायव्हरची बैठक मात्र कायम आहे, आणि आता तिच्या जोडीला संगणकासमोरची, पहारेकऱ्याची, शिलाई यंत्रावरची, टॅक्सी-रिक्षाची अशा शेकडो बैठका आल्या आहेत. इथे एक आक्षेप आम्हांला गेटसभेत नेहमी ऐकू येतो. “आम्ही दिवसभर मशीनवर उभे असतो, आणखी व्यायाम कशाला?” त्याला आमचे उत्तर असे की, आठ तास एका जागी खिळून उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. हृदयाला हवी असते ती श्वास किंचित वाढवणारी, पाय हलते ठेवणारी हालचाल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे अशी हालचाल सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बसचे दोन थांबे अलीकडे उतरून चालत घरी गेले, तर पैही पडत नाही.

पण सगळा दोष कामगाराच्या आळसावर ढकलून मोकळे होणाऱ्या उपदेशकांशी आमचे जमत नाही. १९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील १७ हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी सुरू झाली. साहेबावर जबाबदारीचे ओझे, तेव्हा त्यालाच हा रोग अधिक, अशी लोकांची समजूत. आढळले नेमके उलटे. सर्वांत खालच्या श्रेणीतले शिपाई-निरोपे हृदयविकाराने मरत होते ते सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक प्रमाणात! धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरली, तरी अर्ध्याहून अधिक तफावत उलगडेना. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत त्याचा एक धागा सापडला. ज्याला आपल्या कामावर स्वतःचा काही ताबा नाही, ज्याचा वेग, वेळ आणि विश्रांती दुसरा ठरवतो, त्याच्या काळजाला ते बाधते. तासांचेही तसेच. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून हिशेब मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास राबणाऱ्याच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक राबणाऱ्याला हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. ओव्हरटाइमचे पैसे मोजताना हाही आकडा मोजावा, असे आमचे मागणे आहे. आठ तासांची लढाई आमच्या वाडवडिलांनी पगारासाठीच लढली, असे कोणी समजू नये.

आता घराकडे वळू. हा रोग आपल्याला लवकर गाठतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अनेक देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातील माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना जवळजवळ ५९ व्या वर्षी. ती सहा वर्षे म्हणजे मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळांचा आणि व्यायामाचा अभाव ही कारणे बहुतेक ठिकाणी तीच. विडी-सिगारेटीचे सर्वांना ठाऊक आहे. पण मळलेला तंबाखू आणि घराघरांतल्या बायकांची मिश्री यांना आपण व्यसनच मानीत नाही. तीही रक्तवाहिन्यांची वैरीणच आहे.

मिठाचे बोलायचे तर माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, अशी मर्यादा सांगितलेली आहे. त्यात भाजी-आमटीतले मीठ आले, आणि पापड, लोणचे, फरसाण, सुकट-बोंबील, पावातले मीठही आले. आपण साधारण त्याच्या दुप्पट खातो. याबद्दल गृहिणीला दोष देणे सोपे आहे. परंतु ताट पुढे येताच चव न पाहता मीठ वरून घेणारा हात कोणाचा असतो, ते प्रत्येक घरधन्याने आपल्या मनाला विचारावे. जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते, मात्र कमी करायचे ते साऱ्या घराचे एकदम. एकट्या रोग्यासाठी वेगळी अळणी भाजी शिजवली, तर ती चार दिवस टिकते.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. फिनलंडमध्ये उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. लाकूडतोडे आणि लहान गवळी-शेतकरी यांचा. तिथले धडधाकट पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जात. १९७१ साली तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला, आणि १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या हाताखाली काम सुरू झाले. त्यांनी दवाखाने थाटण्यावर भर न देता गृहिणींच्या मंडळांना हाताशी धरले, गावोगाव एकत्र स्वयंपाक करून लोणी आणि मीठ कमी केलेले, भाजीपाला वाढवलेले जुनेच पदार्थ खाऊ घातले, सॉसेज करणाऱ्यांना चरबी कमी करायला लावली, दुधावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बोरांसारख्या रानफळांची लागवड करायला उत्तेजन दिले. तीन-चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. सांगून पाहणारे पुष्कळ असतात. यांनी शिजवून दाखवले.

रक्तदाबाविषयी एकच सांगायचे. तो दुखत नाही. १४० वर ९० च्या पुढे गेलेला दाब घेऊन माणूस वर्षानुवर्षे हसतखेळत हिंडतो. तिशी ओलांडलेल्याने वर्षातून एकदा तरी तो मोजून घ्यावा. आमच्या शिबिरात माणसे दंड पुढे करायला कचरतात. “रोग निघाला तर नोकरी जाईल,” ही त्यांची भीती. ती निराधार नाही. एका कारखान्यात तपासणीचे कागद थेट व्यवस्थापकाच्या टेबलावर गेल्याचे आम्ही पाहिले आहे. म्हणून तपासणीचा कागद कामगाराच्याच हातात पडला पाहिजे, ही अट संघटनेने आधी घालावी आणि मग शिबिर भरवावे. आणि गोळी सुरू झाल्यावर दाब बरा आला म्हणून ती सोडू नये. तो बरा आहे तो गोळीमुळेच.

राहिला प्रत्यक्ष झटक्याचा प्रसंग. छातीच्या मध्यभागी दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप. बायकांत आणि मधुमेह्यांत कळ नसतेही, नुसती मळमळ, धाप, विलक्षण थकवा असतो, आणि घरातले म्हणतात, “उन्हाचं झालं असेल.” अशा वेळी पाळी संपण्याची वाट पाहू नये, रोग्याला जिने उतरून चालवीत नेऊ नये, रिक्षा शोधीत बसू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका फुकट येते. गुठळी विरघळवण्याचा किंवा रोहिणी मोकळी करण्याचा उपाय पहिल्या काही तासांतच खरा गुणकारी असतो; दर मिनिटाला स्नायू मरत असतो. दवाखान्यात पोचताच “आधी हृदयाचा आलेख काढा,” असे सोबतच्या माणसाने स्पष्ट सांगावे. हा १०८ आकडा आणि जवळच्या हृदयोपचाराच्या रुग्णालयाचे नाव प्रत्येक खात्याच्या सूचनाफलकावर, पाळीच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवण्याचा ठराव आमच्या सभासदांनी आपापल्या कारखान्यांत मांडावा, आणि सुपरवायझरची परवानगी न घेता फोन करण्याचा हक्क त्याच ठरावात लिहून घ्यावा.