वर गारठा, तरी यंत्राला उकाडा!

संशोधनासाठी सोडलेले महाकाय फुगे ३० ते ४० किलोमीटर उंची गाठतात. प्रवासी विमानं उडतात त्याच्या तिप्पट-चौपट. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली, तरी उपकरण बनवणाऱ्या अभियंत्याला घोर लागतो तो उकाड्याचा! वातावरणाचा जवळपास ९९ टक्के भाग खालीच राहिलेला, मग उष्णता वाहून न्यायला हवा आणायची कुठून? पंखा लावा, तो गरागरा फिरेलही. पण वारा येणार नाही. म्हणून चिपची धग धातूच्या पट्ट्यांवरून बाहेरच्या पत्र्यापर्यंत न्यायची आणि तिथून प्रारणाने आभाळात सोडून द्यायची. पत्र्याला पांढरा रंग, म्हणजे ऊन आणखी भर घालणार नाही.

जुन्या हार्ड डिस्कचीही तीच गत. तिचं वाचणारं टोक तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. हवा गेली की ते थेट तबकडीवर घासतं. डिस्क हवाबंद डब्यात तरी घाला, नाहीतर फिरती तबकडीच नसलेली एसएसडी वापरा.

विजेचा खोडसाळपणा वेगळाच. दाट हवा ठिणगीला अडवते, संपूर्ण निर्वातही अडवतं. दगा देते ती मधली विरळ हवा. जमिनीवर गुमान चालणारं उच्च दाबाचं सर्किट वर गेल्यावर ठिणग्या टाकू लागतं.

जीपीएसची अडचण तर चक्क सरकारी! क्षेपणास्त्रात वापर होऊ नये म्हणून या यंत्रांना १८ किलोमीटर उंची आणि ताशी सुमारे १,९०० किलोमीटर वेग अशी मर्यादा घातली गेली. दोन्ही ओलांडल्या तरच यंत्राने गप्प बसावं, असा मूळ हेतू. काही कंपन्यांनी मात्र एक मर्यादा ओलांडली तरी कुलूप लावलं. फुगा रमतगमत १८ किलोमीटर पार करतो आणि यंत्र मुकं होतं. खरेदीआधी हे विचारून घ्यावं लागतं.

भारतात या फुगे-उद्योगाचं माहेरघर हैदराबाद. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) फुगे-केंद्र तिथे १९६९ पासून आहे; फुगेही तिथेच बनतात, दुधाच्या पिशवीहून पातळ पॉलिथिनचे. आत महागड्या हेलियमऐवजी हायड्रोजन. खरी परीक्षा मात्र शिखरावर नसते, वाटेत असते. विषुववृत्ताजवळच्या आभाळात १७ किलोमीटरच्या आसपास तापमान उणे ८० अंशांपर्यंत उतरतं. साधं पॉलिथिन तिथे कडक होऊन तडकेल, म्हणून खास जातीची फिल्म लागते.

इथलं सर्वांत चविष्ट प्रकरण २००५ सालचं. इस्रोच्या प्रयोगासाठी एप्रिलमध्ये फुगा उडाला, सोबत निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या आणि ३८ किलो द्रवरूप निऑन. निऑनने नळ्या इतक्या गारठवल्या की बाहेरची हवा आत खेचली जाऊन गोठली. नळ्या हवाई छत्रीने खाली आल्या, नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि आपल्या पुण्याची एनसीसीएस या जीवशास्त्र संस्थांत तपासले गेले. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या त्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या! बारशात एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलचं नाव मिळालं, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं. नातलग जिवाणूंपेक्षा या तिघी अतिनील किरणांपुढे जास्त तग धरतात, हे विशेष.

उतरणं हा स्वतंत्र विषय. यंत्राच्या सांगाड्याखाली पुठ्ठ्याच्या मधमाशी-जाळीचे ठोकळे बांधतात. आपटताना ते चिरडले जातात आणि यंत्र वाचतं. नेहमीच वाचतं असंही नाही. २०२३ मध्ये न्यूझीलंडहून फुग्यावर निघालेली सुपरबिट दुर्बीण ४० दिवस फिरून अर्जेंटिनात उतरली आणि मोडली. पण तिच्या कर्त्यांनी आधीच शहाणपण केलं होतं: माहितीच्या प्रती छोट्या कुप्यांत भरून, छत्री लावून वरूनच टाकल्या होत्या.

हैदराबादच्या फुग्यांची यंत्रं उतरतात ती विशाखापट्टण–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर. म्हणजे सोलापुराकडच्या एखाद्या शिवारातही छत्री उतरू शकते. डब्यावर पत्ता आणि फोन नंबर असतो. कळवणाऱ्याला बक्षीसही मिळतं, पण अट एकच: झाकण उघडायचं नाही. आत उच्च दाबाची वीज असू शकते.