बोहाड्याचे मुखवटे व त्यांची नोंद

पोथी हातीं आली म्हणजे आपण प्रथम शेवटचें पान उलटतों. लेखकाचें नांव, शक, गांव, कोणाच्या पठनार्थ लिहिली, हें पुष्पिकेंत मिळालें तर अर्धें काम झालें. तें पान गळालें असेल तर अक्षरवळणावरून तर्क करीत बसावें लागतें. रंगविलेल्या लांकडी मुखवट्याची पुष्पिका मात्र लांकडावर नसते. ती गांवांतल्या माणसांच्या तोंडीं असते, आणि मुखवटा उचलतांना ती उतरून घेतली नाहीं तर पुढें मिळत नाहीं.

शांतीनगरांत, म्हणजे मीरा-भाईंदरांत बसून आम्ही हें लिहीत आहों. आमच्याच ठाणें जिल्ह्यांत १ ऑगस्ट २०१४ पूर्वीं जव्हार व मोखाडें हे तालुके मोडत; त्या दिवशीं पालघर जिल्हा निराळा झाला. तेव्हां जुन्या चिठ्ठीवर केवळ ‘जिल्हा ठाणें’ असेल तर संग्राहकानें घाई करूं नये.

त्या डोंगराळ तालुक्यांत कोकणा, वारली वगैरे लोकांच्या गांवीं होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. कोणी त्यास भोवाडा म्हणतात. देवीच्या उत्सवांत रात्रभर संबळाच्या तालावर एकामागून एक सोंग येतें : गणपति, शारदा, नरसिंह, रावण, अखेरीस देवी व महिषासुर. अमुक सोंग अमुक घराण्यानें नाचवावयाचें, ही वहिवाट पिढीजात चालते. पूर्वींचे मुखवटे लांकडाचे. पुढें कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे रूढ झाले.

मुखवटा उत्सवापूर्वीं पुन्हा रंगविण्याची चाल आहे. यामुळें एका चेहऱ्यावर रंगाचे अनेक थर बसतात. वरचा थर बाजारच्या तैलरंगाचा दिसला म्हणून मुखवटा ‘नवा’ ठरविणें, किंवा ‘मूळ रंग’ काढण्याकरितां तो खरवडणें, हें आमच्या मतें पोथीच्या समासांतील टिपणें पुसून टाकण्यासारखें आहे. प्रत्येक थर एका वापराची साक्ष आहे. शिवाय, बहुतेक संग्राहक मुखवट्याचा चेहरा पाहून किंमत ठरवितात. आम्ही तो आधीं उलटा करतों. तोंडाकडील बाजूस घामानें काळवंडलेलें लांकूड, दोरीचीं झिजलेलीं भोंकें, चिंध्यांची गादी, फुटीवर मारलेली पट्टी, यांवरून तो नाचला कीं केवळ विक्रीकरितां कोरला, हें बरेंच कळतें. मागची बाजू स्वच्छ धुऊन विकणारा विक्रेता मालाचा अर्धा पुरावाच धुऊन टाकतो!

ही अडचण आपल्याकडचीच नव्हे. पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांचे गेलेदे मुखवटेहि असेच कोरून रंगविलेले, डोक्यावर घेऊन नाचावयाचे. यूरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांत ते पुष्कळ आहेत. त्याच लोकांतील इसे गांवचा ओलोवे हा थोर कारागीर १९३८ मध्यें वारला. इकेरे येथील राजवाड्याकरितां त्यानें कोरून रंगविलेलें द्वार १९२४ च्या वेंब्ली प्रदर्शनांत मांडलें गेलें व तेथून ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहांत गेलें. त्याच्या मोबदल्यांत राजास इंग्लंडांत बनविलेलें सिंहासन मिळालें. द्वार आधीं प्रसिद्ध झालें, कर्त्याचें नांव पाश्चात्य अभ्यासकांत पुढें बऱ्याच वर्षांनीं रूढ झालें. पण गांवांत तें हरवलें नव्हतें. त्याच्या एका पत्नीनें त्याचें स्तुतिगीत १९८८ मध्यें एका अभ्यासकास म्हणून दाखविलें, म्हणजे मृत्यूनंतर पन्नास वर्षांनीं. इतका उशीर सर्वांनाच परवडत नाहीं.

पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेच्या संग्रहालयांत बोहाड्याचे मुखवटे पाहावयास मिळतात. ज्यांच्या खाजगी संग्रहांत असा एखादा मुखवटा असेल त्यांनीं, गांव माहीत असल्यास, तेथें जाऊन चारपांच गोष्टी विचाराव्या. सोंग कोणतें, तें कोणत्या घराण्याचें, कोरला कोणीं, रंगविला कोणीं, शेवटचा केव्हां नाचला, आणि घरांतून कां गेला. तो गेल्यावर त्या घरानें त्याच सोंगाचा दुसरा केला काय, हेंहि विचारावें. केला असल्यास जुन्याच्या नोंदींत नव्याचा उल्लेख अवश्य करावा.