डबा की चिठ्ठी?

एकूण = एकूण + वजन

गणिताच्या शिक्षकांना ही ओळ फळ्यावर दिसली तर ते आधी डस्टर शोधतील. दोन्ही बाजूंचे ‘एकूण’ काढले की वजन शून्य उरते! संगणकाच्या तासाला मात्र हीच ओळ बिनचूक ठरते. विद्यार्थी ती पाठ करतात आणि भाषा बदलली की पुन्हा अडतात. अडचण भाषेची नसते, ‘चल’ या संकल्पनेची असते.

शेवगाव तालुक्यात कापूस पिकतो, तेव्हा काट्यावरचाच हिशेब घेऊ. तीन गाड्या आल्या : १२, ८ आणि १५ क्विंटल. सुरुवातीला एकूण ०. मग १२, मग २०, शेवटी ३५. संगणक प्रत्येक वेळी आधी उजवी बाजू मोजतो आणि उत्तर डावीकडच्या नावाला देतो. म्हणजे हे समीकरण नव्हे, आज्ञा आहे. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये हे चिन्ह आणले ते समानतेसाठी. बरोबर ४०० वर्षांनी, १९५७ मध्ये, फोरट्रानने ते आज्ञेसाठी वापरले. अल्गोल व पास्कल यांनी := असे वेगळे चिन्ह योजले. शिकवायला तेच बरे, असे आम्हाला वाटते. सी आणि पायथनमध्ये मात्र = च आहे. (पायथनच्या २००८ मधील ३.० आवृत्तीपासून चलांना देवनागरी नावे चालतात. अंक मात्र इंग्रजीच लागतात.)

‘चल म्हणजे डबा’ असे आपण वर्गात सांगतो. इथवर ते चालते. आता पायथनमध्ये ‘मूळ’ या नावाने तिन्ही वजनांची यादी ठेवू आणि लिहू :

प्रत = मूळ

नंतर ‘प्रत’मध्ये १० क्विंटलची चौथी गाडी जोडली. ‘मूळ’ तपासावी तर तिथेही चार गाड्या! हिशेब बिघडला आणि संगणकाने चूकही दाखवली नाही. कारण इथे डबे दोन नव्हतेच. यादी एकच, तिला नावाच्या दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या. पास्कलमध्ये अशाच ओळीने सगळ्या रचनेची खरी नक्कल झाली असती. मग ‘एकूण’च्या वेळी घोटाळा का झाला नाही? १२ हा अंक स्वतः बदलत नाही. बेरजेतून २० हा नवा अंक तयार होतो आणि चिठ्ठी त्यावर जाते. कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन हे वर्गात सहज दाखवता येते.

हॅस्केल (१९९०) या भाषेत तर नावाला एकदा दिलेली किंमत बदलतच नाही. तिथे पहिली ओळ म्हणजे ‘एकूण’ची ‘एकूण’वरूनच केलेली व्याख्या, संगणक उत्तराशिवाय फिरत राहतो. मग बेरीज कशी करायची? रिकाम्या यादीची बेरीज ०. नाहीतर पहिले वजन अधिक उरलेल्या यादीची बेरीज. १२, ८, १५ घेऊन ही व्याख्या विद्यार्थ्यांकडून वहीत पायरीपायरीने सोडवून घ्यावी. त्यात कुठेही काही खोडावे लागत नाही.