सात फुटांवरची स्कूटर

२८ फूट आणि ७ फूट. २००८ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स रोझेनब्लम यांनी एक साधा प्रयोग केला, त्यातले हे आकडे. ताशी ८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाड्यांचे आवाज त्यांनी लोकांना ऐकवले. गाडी कुठल्या बाजूने येतेय ते ओळखायचं होतं. पेट्रोलची गाडी साधारण २८ फुटांवर असतानाच ओळखू आली. विजेवर चाललेली हायब्रिड ओळखू आली ती ७ फुटांवर. त्या वेगाला २८ फूट कापायला जवळपास चार सेकंद लागतात. ७ फुटांना एक सेकंदही पुरतो.

चार सेकंदांत माणूस पाऊल मागे घेतो. एका सेकंदात दचकण्यापलीकडे काही होत नाही.

आमच्या शेजारी एक काका राहतात. विशीतच त्यांची दृष्टी गेली. पुढे टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. संध्याकाळी कधी कधी आम्ही बरोबर बाहेर पडतो. गल्लीच्या तोंडाशी आलं की ते थांबतात, पांढरी काठी पायाशी उभी धरतात आणि मान किंचित तिरकी करतात. "रिक्षा आहे, जाऊ दे तिला. मागून बुलेट येतेय, ती वळणार." बुलेट खरोखरच वळते. वळण्याआधी इंजिनाचा सूर उतरतो, तो त्यांनी ऐकलेला असतो. मध्यंतरी असेच उभे होतो. रस्ता शांत वाटला म्हणून त्यांनी काठी पुढे टाकली, आणि उलट्या बाजूने आलेली विजेची स्कूटर काठीच्या टोकाला घासून निघून गेली. काठी हातातल्या हातात गर्रकन फिरली. काका क्षणभर तसेच उभे राहिले. मग मला विचारलं, "काय गेलं रे?"

बुलेट वळणार हे आधीच सांगणाऱ्या माणसाला तो प्रश्न विचारावा लागला, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

हा फक्त भीतीचा मामला आहे की अपघातांच्या नोंदीतही तो दिसतो? दिसतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २००९ मध्ये ८,३८७ हायब्रिड गाड्यांच्या अपघातांची साडेपाच लाखांहून अधिक साध्या गाड्यांच्या अपघातांशी तुलना केली. हायब्रिडच्या अपघातांत पादचाऱ्याला धडक बसल्याचं प्रमाण ०.९ टक्के होतं, साध्या गाड्यांत ०.६ टक्के. गाडी हळू होताना, मागे घेताना, पार्किंगमध्ये शिरताना किंवा निघताना मात्र हा फरक दुपटीवर गेला. म्हणजे जिथे टायरचाही आवाज नसतो, नेमकं तिथे. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या नोंदींतून निघालेला हिशेब याहून बोलका आहे. दर १० कोटी मैलांमागे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांनी २.४० पादचाऱ्यांना जखमी केलं, विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांनी ५.१६.

त्याच देशात २०१९ पासूनच्या वर्षांचे आकडे तपासले तेव्हा पूर्ण विजेच्या गाड्यांचा धोका पेट्रोलच्या गाड्यांइतकाच निघाला. हे मुद्दाम सांगतो, कारण विजेच्या गाड्यांना बदनाम करायला हा लेख नाही. त्या काळात नव्या गाड्यांत ब्रेक लावणाऱ्या यंत्रणा सुधारल्या आणि युरोपात आवाजाचा नियमही आला. सुधारणेत कशाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण फरक मिटू शकतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

तो नियम काय सांगतो? संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम ऑक्टोबर २०१६ मध्ये लागू झाला. ताशी २० किलोमीटरपर्यंत गाडीने स्वतःहून आवाज करायचा. गाडीच्या मध्यरेषेपासून दोन मीटरवर तो ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल भरला पाहिजे, २० ला ५६. वेग वाढेल तसा सूरही चढला पाहिजे, म्हणजे गाडी वेग घेतेय की थांबतेय हे कानाला कळतं. काका बुलेटवरून जे ओळखतात, तेच इथे नियमात लिहिलं आहे. वेग वाढला की टायर आणि वारा स्वतःच पुरेसा आवाज करतात, मग यंत्रणा गप्प बसते. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाडीला हे बंधनकारक आहे. अमेरिकेने एक पाऊल पुढे टाकलं. तिथे मर्यादा ताशी ३० किलोमीटर आहे, आणि सिग्नलला गिअरमध्ये उभ्या गाडीनेही आवाज करायचा असतो. मला ही अट फार मोलाची वाटते. समोर गाडी थांबली आहे की समोर गाडीच नाही, हे अंध माणसाला दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळणार?

आता आपल्याकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये असाच मसुदा काढला. विजेच्या नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२७ पासून ही यंत्रणा बसवावी लागेल, असा तो प्रस्ताव. स्वागत करावं असंच पाऊल आहे. पण मसुद्यातले वर्ग पाहा: 'एम' आणि 'एन', म्हणजे मोटारी, बस आणि मालवाहू गाड्या. दुचाकी आणि तीनचाकी 'एल' वर्गात मोडतात. त्या यात नाहीत.

आणि आकडे नेमके तिथेच आहेत. २०२४-२५ मध्ये देशात विजेची साधारण साडेएकोणीस लाख वाहनं नोंदली गेली. त्यांत दुचाकी साडेअकरा लाखांच्या आसपास, तीनचाकी सुमारे सात लाख. मोटारींचा आकडा लाखाच्या जरासा पुढे. म्हणजे रस्त्यावर येणाऱ्या दर १०० विजेच्या वाहनांतली ९० हून अधिक या नियमाच्या बाहेर राहतात. युरोपात विजेचं वाहन म्हटलं की मोटार डोळ्यांसमोर येते, तिथला नियम तिथल्या रस्त्यासाठी बरोबर आहे. आपल्या गल्लीत येते ती स्कूटर आणि ई-रिक्षा.

या आकड्यांत न मोजलेल्या गाड्याही आहेत. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या विजेच्या दुचाकीला आपल्याकडे नोंदणी लागत नाही, परवानाही नाही. आवाजाची गरज ज्या वेगाला सर्वांत जास्त, त्या वेगातच या गाड्यांचं सगळं आयुष्य जातं.

आपले रस्ते इतके गोंगाटाचे की ५०-५६ डेसिबल कुणाला ऐकू येणार, असं कुणी म्हणेल. गजबजलेल्या चौकापुरतं ते खरं आहे. व्यापारी भागातली दिवसाची कायदेशीर मर्यादाच ६५ डेसिबल आहे, आणि तीही कुठे पाळली जाते? १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. चौकात म्हणूनच बोलणारे सिग्नल हवेत आणि हॉर्न कमी व्हायला हवेत. पण काठीला धक्का बसतो तो सोसायटीच्या फाटकाशी, पार्किंगमध्ये, दुपारच्या सुस्त गल्लीत. तिथे ५० डेसिबल स्वच्छ ऐकू येतात. साध्या बोलण्याहूनही तो आवाज हळू आहे, कुणाची झोप मोडणार नाही.

२०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेले लोक देशात ५० लाख ३२ हजार होते, महाराष्ट्रात ५ लाख ७४ हजार. २०२२ मध्ये रस्त्यावर ३२,८२५ पादचारी मेले, दिवसाला सरासरी ९०. त्यांतले अंध किती होते, हे सरकारच्या प्रसिद्ध अहवालात सापडत नाही, कारण तसा रकानाच त्यात नाही. हा रकाना घालायला एक रुपयाही लागत नाही. 'एल' वर्ग नियमात आणायला उत्पादकांना प्रत्येक गाडीमागे एक छोटा स्पीकर लागेल. या दोन्ही गोष्टी मंत्रालयाने आत्ताच कराव्यात. आणखी लाखो स्कूटरी विकून झाल्यावर त्यांना आवाज बसवणं कुणालाच जमणार नाही.

तोवर तुमच्याकडे विजेची स्कूटर असेल तर एवढं करा. पांढरी काठी दिसली की थांबा. हॉर्न वाजवू नका, त्याने माणूस जागच्या जागी थिजतो. तोंडाने सांगा, "काका, स्कूटर आहे, मी थांबलोय, तुम्ही जा."