सापळ्याचा वार ठरलेला असावा

ऑगस्ट उजाडला की कापूस पट्ट्यातील विस्तार कार्यकर्त्याचा दिवस त्याच्या हाती राहत नाही. शेतात पाऊल ठेवण्याआधीच मोबाईलवर किडलेल्या पात्याफुलांची छायाचित्रे येऊन पडलेली असतात, दुपारपर्यंत कार्यालयाला एखादा तक्ता हवा असतो आणि घरी परतताना कोणते गाव पाहायचे राहिले याची टोचणी लागते. हा ताण केवळ कामाच्या भाराचा असतो, असे मी पुष्कळ वर्षे मानत होते.

एका हंगामात आमच्याकडे काही गावांतील गुलाबी बोंडअळीचे संनियंत्रण होते. ज्याचा फोन आधी, त्याच्या शेतात आधी, असा आमचा क्रम. कामगंध सापळ्यांची मोजणी उरलेल्या वेळात. एका गावी बारा दिवसांनी पोहोचले, तेव्हा सापळ्यात ७० पतंग होते. ते रोज थोडे थोडे आले होते की अखेरच्या तीन रात्रींत एकदम? सरासरी काढली तर प्रतिरात्र सहापेक्षा कमी, म्हणजे निर्धास्त राहावे असा आकडा. आर्थिक नुकसानीची पातळी मात्र प्रतिसापळा ८ पतंग, सलग ३ रात्री अशी आहे. शंका आली म्हणून २० हिरवी बोंडे फोडली; सहांत अळ्या निघाल्या. त्या रात्री झोप लागली नाही. दिवसभर राबूनही जे काम थांबू शकत नव्हते, तेच मी थांबवून ठेवले होते.

किडीचे स्वतःचे वेळापत्रक असते. बोंडअळीच्या अंड्यातून साधारण ४ ते ५ दिवसांत अळी बाहेर पडते, लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते आणि तिचे प्रवेशछिद्र बुजून जाते. मग फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पान लाल पडल्याचे छायाचित्र सायंकाळपर्यंत थांबू शकते, तक्ताही बहुधा थांबतो. कोणते काम आधी, हे फोनच्या घंटीवरून नव्हे तर किडीच्या जीवनक्रमावरून ठरवावे, एवढेच मला त्या सहा बोंडांनी शिकवले.

पुढील हंगामात सोमवार आणि गुरुवार, सकाळी ७ ते १० ही वेळ केवळ सापळ्यांसाठी राखली. पतंग मोजायचे, सापळा रिकामा करायचा, नोंद बांधावरच करायची. गुरुवारी २७ पतंग मिळाले तर ते तीन रात्रींचे, म्हणजे सरासरी ९. निर्णयाला आधार मिळतो. सोमवारचा आकडा चार रात्रींचा असतो, एवढे ध्यानात ठेवायचे. त्याच फेरीत डोमकळ्या पाहायच्या आणि बोंडे फोडायची. १० टक्के फुले किंवा बोंडे बाधित असतील तर सापळ्याच्या आकड्याची वाट पाहायची नाही. शंकासमाधानाचे फोन सायंकाळी ५ ते ७. फवारताना कुणाला चक्कर किंवा मळमळ झाल्याचा फोन मात्र कोणत्याही वेळी घ्यायचा आणि रुग्णास कीटकनाशकाच्या वेष्टनासह तत्काळ दवाखान्यात पाठवायचे.

पहिले दोन आठवडे शेतकरी नाराज होते. पुढे त्यांनाच गुरुवार पाठ झाला. काही जण आदल्या दिवशी बोंडे फोडून ठेवू लागले. कामाचे तास फारसे कमी झाले नाहीत, पण राहिलेल्या गावाची टोचणी गेली. अर्थात, वेळापत्रक हे रिक्त पदांवरील उत्तर नव्हे. एका कार्यकर्त्याकडे पेलवणार नाहीत इतकी गावे असतील, तर मोजणी शेतकऱ्यांकडे सोपवून आपण आळीपाळीने पडताळणी करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

वार स्थानिक पातळीवरच ठरवावेत. २०२१ मध्ये पंजाबातील भटिंडा व मानसा जिल्ह्यांना या अळीने मोठा तडाखा दिला. तेथे पेरणी एप्रिल-मेमध्ये होते, विदर्भात पावसावर जूनमध्ये. म्हणून एकच तारीख सर्वांना लागू पडत नाही. पेरणीनंतर ४५ दिवस मोजून हेक्टरी ५ सापळे लावावेत.

सापळा लावताना खांबावर मोजणीचे वार रंगाने लिहावेत. शेजारच्या शेतकऱ्यालाही ते दिसतात आणि आपण पोहोचलो नाही तर तोच फोन करतो. हा फोन सकाळीही घ्यावा.