विश्लेषण : दक्षिणेचे दार शुभ की अशुभ? फेंगशुईचे ‘वारा-पाणी’ वऱ्हाडातील घरांना काय सांगते?

अमरावती असो की अकोला, घर बघायला गेले की पहिला प्रश्न दाराच्या दिशेचा असतो. दक्षिणमुखी म्हटले की अनेक जण आत पाऊलही टाकत नाहीत. घेतलेच, तर पुढे ‘दोष’ काढण्याचे उपाय सुरू होतात. त्यात आता लाफिंग बुद्धा, तीन पायांचा बेडूक, विंडचाइम अशा फेंगशुईच्या वस्तूंचीही भर पडली आहे. गंमत म्हणजे ज्या दक्षिणेला आपण घाबरतो, तीच फेंगशुईत घरासाठी उत्तम दिशा मानली जाते. मग ऐकायचे कोणाचे? आणि पारा ४५ अंशांपार जाणाऱ्या वऱ्हाडात या चिनी विद्येतून घ्यावे तरी काय?

फेंगशुई म्हणजे नेमके काय?

‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. सृष्टीत ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते, जोराच्या वाऱ्याने ती विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, अशी यामागची कल्पना आहे. ग्वो पू (इ.स. २७६-३२४) या चिनी विद्वानाच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रंथात ती मांडली आहे. तो ग्रंथ घराचा नसून पूर्वजांच्या दफनासाठी जागा कशी निवडावी, याचा आहे. घरांच्या मांडणीतही हाच विचार वापरला गेला.

यिन-यांग हा जोडीचा समतोल आणि लाकूड, अग्नी, माती, धातू व पाणी ही पाच तत्त्वे फेंगशुईत येतात. ताओ विचारही याच मुशीतला. निसर्गाशी झगडू नका, त्याच्या ओघाने चला, हे त्याचे सार. भिंती महत्त्वाच्या असल्या तरी खोली उपयोगी पडते ती तिच्यातल्या रिकाम्या जागेमुळे, हा विचार लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’मध्ये आहे. म्हणजे मूळ भर जागा, वारा, पाणी आणि मोकळीक यांवर होता. दुकानात मिळणाऱ्या वस्तूंवर नाही.

वास्तू आणि फेंगशुई उलट का सांगतात?

उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात वायव्येकडून बोचरे वारे येतात. म्हणून तिथे घराची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेच्या उन्हाकडे. बीजिंगमधील चौकाच्या जुन्या घरांत मुख्य दालन दक्षिणेकडे तोंड करूनच असे. आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा मानली जाते. ईशान्येचेही तसेच. आपण त्या कोपऱ्यात देवघर करतो, तर जपानी परंपरेत ईशान्य म्हणजे ‘किमोन’, भुताखेतांचे दार! एकच कोपरा इथे देवाचा आणि तिथे भुताचा. दोन्ही नियम सगळ्या जगाला लागू असू शकत नाहीत. दिशेचे अनेक नियम आपापल्या मुलखाच्या हवामानातून आणि श्रद्धांतून आले आहेत. म्हणून चीनचा नियम जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. आपल्या मुलखाचा वारा आणि पाणी ओळखणे महत्त्वाचे.

वऱ्हाडाचा ‘वारा’ काय सांगतो?

पाठीशी डोंगर, पुढे नदी ही फेंगशुईची आदर्श जागा. अकोट, अंजनगाव सुर्जी, अचलपूर या पट्ट्यात उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णा आहेच. पण इथली अडचण थंडीची नाही, उन्हाची आहे. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले होते.

अकोला आणि अमरावती साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मेच्या अखेरच्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन कमीच पडते आणि खिडकीवर साधा छज्जा असला तरी पुरते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, तेव्हा तीच खिडकी ऊब देते. घर खरे तापते ते स्लॅबमुळे आणि पश्चिमेच्या भिंतीमुळे. दुपारनंतरचे ऊन तिरपे येते, त्याला छज्जा अडवू शकत नाही. म्हणजे हवामानाच्या हिशेबाने दक्षिणेचे दार बिचारे निर्दोष आहे. सांभाळायचे आहे पश्चिमेला.

त्यासाठी पश्चिमेला कडुनिंबासारखे झाड, वेल किंवा हिरवी जाळी लावावी. कपाटे, स्टोअर, जिना त्या बाजूला घ्यावा. स्लॅबवर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात द्यावा. खिडक्या सकाळी ऊन चढण्याआधी बंद कराव्यात आणि रात्री समोरासमोरच्या उघडाव्यात.

आणि ‘पाणी’?

वारा आणि पाणी एकत्र पाहायचे असेल, तर वऱ्हाडातला कुलर बघा. ओल्या ताट्यांतून आलेली हवा बाहेर जायला समोर वाट नसेल, तर खोलीत दमटपणा साचतो आणि अंग चिकचिकते. म्हणून कुलर खिडकीबाहेर ठेवावा आणि पलीकडची खिडकी थोडी उघडी असावी. कुलरला अर्थिंग हवेच. पाणी भरण्याआधी बटन बंद करून प्लगही काढावा; कुलरचा शॉक जिवावर बेततो.

साचलेले पाणी वाईट, असे फेंगशुई सांगते. त्याचे आपल्याकडचे कारण रोखठोक आहे : डेंग्यू. अनेक भागांत नळ रोज येत नाहीत, त्यामुळे ड्रम आणि टाक्या भरून ठेवणे भागच असते. भांडी झाकून ठेवा आणि आठवड्यातून एक दिवस ती रिकामी करून, घासून कोरडी करा. कुलरच्या टाकीलाही हाच नियम. डासाची अंडी ते डास हा प्रवास साधारण आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होतो. तो मध्येच तोडायचा.

घरातील पसाऱ्याचे काय?

‘ची’ वाहती राहावी म्हणून पसारा काढा, हा फेंगशुईचा लाडका सल्ला. शहरात तो माळ्यावरच्या जुन्या सामानाला लागू पडतो. गावात प्रश्न वेगळा आहे. भाव वाढेल या आशेने अनेक शेतकरी कापूस राहत्या घरातच साठवतात. तो पसारा नव्हे, वर्षाची कमाई आहे. ‘काढून टाका’ म्हणणे सोपे आहे. पण त्यामुळे अंगाला खाज सुटण्याच्या तक्रारी होतात आणि आगीचा धोकाही असतो. निदान कापसाच्या खोलीत झोपू नये. चूल, देवाजवळचा दिवा, विजेचा बोर्ड यांपासून कापूस लांब ठेवावा आणि दारापर्यंतची वाट मोकळी असावी.

बाकी दोन सल्ले कुठेही चालतील. पलंगावरून दार दिसावे, पण तो दाराच्या थेट रेषेत नसावा. झोप निवांत लागते. शेगडी आणि सिंक एकमेकांना खेटून नसावेत. अग्नी-पाण्याचे वैर माना न माना, काम सुरक्षित होते.

‘दोष’ काढण्यासाठी तोडफोड करावी का?

घाई करू नये. कॉलम किंवा बीमला धक्का लागला, तर सगळी इमारत धोक्यात येते. संडास हलवला तर पाइपलाइन बदलते आणि गळती मागे लागू शकते. कोणतीही भिंत काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे. बेडूक किंवा बुद्धाची मूर्ती ठेवल्याने पैसा येतो, याला वैज्ञानिक आधार नाही. आवडली म्हणून ठेवायला हरकत नाही. कर्ज काढून मात्र नको.

नवे घर बघायचे असेल, तर एकदा दुपारी चार वाजता जा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा, नळाला पाणी कधी येते ते शेजाऱ्यांना विचारा. दाराची दिशा त्यानंतर बघितली तरी चालते.